एकच गुहा, चार सवयी: पुण्यातल्या एका डी अँड डी टेबलाचं प्रकरण

पार्श्वभूमी

कोथरूडमधल्या एका फ्लॅटमध्ये शनिवारी संध्याकाळी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चं टेबल बसतं. ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत, खेळात जे घडलं ते तसंच ठेवलंय. मी या टेबलाचा खेळाडू नाही. वाद पेटल्यावर दोन्ही बाजूंनी मला बोलावलं. मी काही सेशन्स कोपऱ्यातल्या खुर्चीवरून पाहिली आणि प्रत्येकाशी वेगळं बोललो.

ज्यांनी हा खेळ खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एक जण डीएम असतो, तो जग चालवतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र चालवतात. डीएम समोर काय आहे ते सांगतो, खेळाडू आपण काय करतो ते सांगतात, आणि निकाल अनिश्चित असेल तिथे फासे पडतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत छापून आला. तेव्हापासून त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. मुखपृष्ठावरचं नाव तेच राहिलं, आतली यंत्रणा मात्र जवळपास दर वेळी नव्याने बांधली गेली.

या टेबलाचे डीएम साठीचे आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत एमएस करताना ते १९८१ च्या बेसिक बॉक्सवर हा खेळ शिकले. त्या बॉक्समध्ये 'कीप ऑन द बॉर्डरलँड्स' नावाचं साहसाचं पुस्तक सोबत मिळायचं: सरहद्दीवरची एक गढी आणि तिच्यापासून थोड्या अंतरावर एका घळीत गुहाच गुहा, प्रत्येक गुहेत वेगळ्या राक्षसांची टोळी. कोबोल्ड, ऑर्कच्या दोन जमाती, गॉब्लिन, हॉबगॉब्लिन, नोल, बगबेअर. काकांची ती प्रत अजून शाबूत आहे, कडेला चहाचे डाग आणि समासात पेन्सिलीच्या खुणा.

खेळाडू चार. त्यांना मी त्यांच्या पात्रांवरून ओळखतो: बार्ड म्हणजे भाट, फायटर म्हणजे लढवय्या, विझार्ड म्हणजे जादूगार आणि रोग म्हणजे चोर. बार्डवाली हिंजवडीत टेस्टिंगमध्ये आहे. लॉकडाउनमध्ये लाइव्ह स्ट्रीम बघून तिला हा नाद लागला, त्यामुळे तिची सगळी ओळख २०१४ च्या पाचव्या आवृत्तीशी. फायटरवाला बंगळुरूला असताना चौथी आवृत्ती भरपूर खेळलेला. विझार्डवाला कॉलेजात तिसऱ्या आवृत्तीवर बेतलेल्या कॉम्प्युटर गेममधून आला आणि नंतर त्याने ती पुस्तकं पाठ केली. रोगवाली पूर्ण नवखी, फायटरवाल्याची मावसबहीण.

ठरलं असं: नियम पाचव्या आवृत्तीचे, कारण तीच पुस्तकं सगळ्यांकडे होती. साहस मात्र काकांचं जुनं. काका म्हणाले, "ओल्ड स्कूल खेळू या," आणि सगळे हो म्हणाले. या दोन शब्दांचा अर्थ काय, हे कोणी विचारलं नाही.

अडचण

पहिल्याच गुहेच्या तोंडाशी, कोबोल्डांच्या दारात, झाकण असलेला खड्डा आहे. पुस्तकात लिहिलंय की पुढची जमीन चाचपत न जाणाऱ्या पहिल्या रांगेतल्या प्रत्येकाला आत पडण्याची शक्यता सहात तीन. म्हणजे काठीने ठोकत चाललात तर वाचलात.

बार्डवाली म्हणाली, "काका, मी पर्सेप्शन टाकते." म्हणजे पात्राला काही दिसतं का ते ठरवणारा फासा.

"टाकू नकोस. कुठे बघतेयस आणि कशाने, ते सांग."

"म्हणजे? माझ्या बार्डला दिसेल ना काही असेल तर. प्लस फोर आहे तिला."

"तिला असेल. तू काय करतेयस?"

फायटर खड्ड्यात पडला, कोबोल्ड सावध झाले. चौघं तरीही पुढे घुसले, कारण पाचव्या आवृत्तीत पहिल्या खोलीतली मारामारी ही जिंकण्यासाठी मांडलेली असते अशी त्यांची सवय. पुढच्या सेशनला ते कोबोल्डांच्या मोठ्या दालनात पोचले. तिथे डझनावारी कोबोल्ड होते. बार्ड शून्य हिट पॉइंटवर गेली, म्हणजे तिची मार सोसण्याची ताकद संपली, आणि काका म्हणाले, "मेली." पाचव्या आवृत्तीत शून्यावर पात्र बेशुद्ध पडतं, मग दर फेरीला मृत्यूचा फासा टाकायचा असतो, तीनदा हुकला तर मरण. काकांनी तो नियम मनातल्या मनात रद्द केला होता. टेबलाला सांगितलं नव्हतं.

बार्डवालीने त्या पात्राची चार पानी पूर्वकथा लिहिली होती, हरवलेल्या बहिणीसकट. ती म्हणाली, "माझी गोष्ट अजून सुरूसुद्धा झाली नव्हती." काका म्हणाले, "दार उघडण्याआधी कान लावायचा होता." दोघांनाही आपलंच बरोबर वाटत होतं, आणि आपापल्या आवृत्तीपुरते दोघंही बरोबरच होते.

त्यानंतर व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर फक्त "शनिवारी जमतंय का?" आणि अंगठे. मी बोलायला गेलो तेव्हा प्रत्येकाने तक्रारीला एकच नाव दिलं: "खेळ फार अवघड झालाय." खरं तर चार जणांची अडचण चार प्रकारची होती.

काकांच्या १९८१ च्या नियमांत राक्षस मारून फारसं काही मिळत नाही. एका गॉब्लिनचा एक्सपी, म्हणजे पात्राची लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण, ५. फायटरला दुसऱ्या लेव्हलसाठी लागतात २,०००. म्हणजे एकट्याने ४०० गॉब्लिन मारायचे. पण गुहेतून सुखरूप बाहेर आणलेल्या एका सोन्याच्या नाण्याला एक एक्सपी मिळतो. खेळाडूंना कोणी उपदेश करावा लागत नाही, आकडेच सांगतात: लढू नका, चोरा. त्यात दर दहा मिनिटांचा हिशेब, मशाल तासभर पुरते, दर वीस मिनिटांनी भटक्या राक्षसासाठी सहात एक शक्यता. पूर्ण दिवस विश्रांती घेतली तर एक ते तीन हिट पॉइंट परत येतात. अशा जगात काठीने जमीन ठोकणं हा शहाणपणा असतो, आणि शून्यावर मरण ठेवलं तरी नवीन पात्र दहा मिनिटांत तयार होतं, कारण चार पानी पूर्वकथा कोणी लिहीतच नाही.

पाचव्या आवृत्तीत तोच गॉब्लिन ५० एक्सपीचा, आणि दुसऱ्या लेव्हलला लागतात ३००. चौघांच्या पार्टीला चोवीस गॉब्लिन पुरले. एक रात्र झोपलं की सगळे हिट पॉइंट परत. प्रकाशाचा मंत्र कितीही वेळा टाका, संपत नाही. या टेबलावर तर ड्वार्फ फायटर, नोम विझार्ड, एल्फ रोग आणि हाफ-एल्फ बार्ड, म्हणजे चौघांनाही आपापल्या वंशामुळे अंधारात दिसत होतं. काकांनी हौसेने मशालींचा तक्ता छापून आणला होता, तो पहिल्या दिवशीच बाद झाला. या आवृत्तीत पात्रासोबत त्याचा आदर्श, बंध आणि दोष लिहायला रकाने दिलेले आहेत. खेळाडूला सरळ सांगितलेलं आहे की हे पात्र टिकणार आहे, त्याच्यात जीव ओता. बार्डवालीने तेच केलं.

फायटरवाल्याचं दुखणं वेगळं. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत प्रत्येक पात्राकडे हवे तेव्हा वापरायचे, लढाईत एकदाच वापरायचे आणि दिवसातून एकदाच वापरायचे असे डाव असतात. चौकटींच्या पटावर फायटर शत्रूला खूण करतो, अडवून धरतो, ढकलतो. लढाई हाच तिथला मुख्य पदार्थ. त्याला मरणाचं वाईट वाटत नव्हतं, खड्ड्याचंही नाही. त्याला कंटाळा येत होता: "काका तीन वाक्यांत लढाई उरकतात. मी कुठे उभा आहे हेच कळत नाही."

विझार्डवाल्याला न्यायाची चिंता. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीने जवळपास प्रत्येक कृतीला आकडा दिला: दार किती अवघड, उडी किती लांब, खोटं बोलणं किती पटण्यासारखं. नियम खेळाडूच्या हातात आले आणि डीएमच्या मर्जीवर लगाम बसला. काका जेव्हा "मला वाटतं हे चालेल" असं म्हणायचे, तेव्हा त्याला तो अधिकाराचा गैरवापर वाटायचा. गल्ली क्रिकेटमध्ये एक टप्पा आउट ठेवायचं की नाही हे जागेवर ठरतं आणि कोणाचं काही अडत नाही. पण लेदर बॉलवर शिकलेल्या मुलाला त्यात फसवणूक दिसते.

रोगवालीला कुठलीच सवय नव्हती. ती मला म्हणाली, "मला खड्डा आवडला. पण ते तिघं माझ्या पात्राच्या शीटकडे बोट दाखवून सांगत होते, हे टाक, ते टाक." माझ्या मते टेबलावर सगळ्यात स्वच्छ नजर तिची होती.

समोरचे पर्याय

एका रविवारी सगळे चहाला बसले. मीही होतो. चार वाटा निघाल्या.

पहिली: पाचवी आवृत्ती ठेवायची, जुनं साहस सोडून त्या आवृत्तीसाठी लिहिलेलं घ्यायचं. बार्डवाली आणि विझार्डवाला याच्या बाजूने. कोणीच कशाचा त्याग करत नव्हतं, फक्त काका. ते म्हणाले, "मग डीएम दुसरा बघा." धमकी नव्हती ती, त्यांना त्यात खरंच रस नव्हता. डीएम मन लावून चालवत नसेल तर टेबल किती दिवस टिकतं हे सगळ्यांना माहीत होतं.

दुसरी: पूर्ण जुने नियम. १९८१ च्या नियमांची नीट मांडणी केलेलं 'ओल्ड-स्कूल इसेन्शियल्स' २०१९ मध्ये आलंय, मिळतंही सहज. फायटरवाला नाराज: त्यात फायटरने फक्त "मारतो" म्हणायचं असतं.

तिसरी: पाचव्या आवृत्तीत घरगुती नियम घालून ती जुन्यासारखी वळवायची. सगळ्यांना हीच आवडली, आणि मला नेमकी हिचीच भीती वाटली. काका न सांगता तेच तर करत होते. मरणाचा नियम जुना, पण पात्र बनवायला लागणारा वेळ नवा. खड्डा जुना, पण बक्षीस मारामारीला. जुन्या खेळाची शिक्षा घ्यायची आणि जुन्या खेळाचा मोबदला द्यायचा नाही, अशी ती भेसळ झाली होती.

चौथी: दोन टेबलं करायची. पाच माणसांत दोन टेबलं होत नाहीत, हा विषय तिथेच संपला.

मी सुचवलं की तिसरी वाट घ्यायचीच असेल तर आधी थोडे दिवस दुसरी घ्या. न चाखलेल्या खेळाचे नियम उसने आणायचे तर काय आणतोय ते कळत नाही. काकांनी तीन सेशन्स मागितली. फायटरवाल्याने अट घातली: त्यानंतर प्रत्येकाला एक नियम परत आणायचा हक्क, आणि काकांनी त्यावर नाही म्हणायचं नाही. काका थांबले, मग म्हणाले, "चालेल." मला विचाराल तर सगळ्या प्रकरणातला कळीचा क्षण तो होता. नंतर जे काही जमलं ते या एका अटीमुळे जमलं.

काय केलं

जुन्या नियमांच्या सेशन्सना प्रत्येकाने दोन पात्रं बनवली, तीन फासे क्रमाने टाकून, जे येईल ते. विझार्डवाल्याच्या जादूगाराला दोन हिट पॉइंट आणि दिवसाला एक मंत्र. तो बराच वेळ शीटकडे बघत राहिला. पण तो मंत्र झोपेचा होता, आणि जुन्या नियमांत त्याला बचावाचा फासाच नाही. एका खोलीतले गॉब्लिन एका झटक्यात आडवे झाले तेव्हा तो खुर्चीतून उठला. पुढचा अख्खा दिवस त्याच्याकडे काही नव्हतं, म्हणून तो नकाशा काढू लागला. तिसऱ्या सेशनपर्यंत टेबलावरचा सगळ्यात चांगला नकाशा त्याचा होता.

काकांनीही एक गोष्ट बदलली. वेळेचा तक्ता पडद्यामागून काढून टेबलाच्या मधोमध ठेवला. दर दहा मिनिटांची खूण सगळ्यांसमोर, भटक्या राक्षसाचा फासा सगळ्यांसमोर. विझार्डवाल्याची मर्जीची तक्रार त्या कागदाने निम्म्याने कमी केली.

मग ओग्रचा प्रसंग. गॉब्लिनांच्या गुहेशेजारी एक ओग्र, म्हणजे धिप्पाड राक्षस, राहतो. गॉब्लिन संकटात सापडले की "ब्री-यार्क!" अशी आरोळी ठोकतात आणि गुप्त दारातून त्याच्याकडे २५० सोन्याच्या नाण्यांची थैली फेकतात, मग तो त्यांच्या बाजूने लढतो. पकडलेल्या एका गॉब्लिनकडून हे पार्टीला कळलं. रोगवालीने विचारलं, "आपण त्याला जास्त दिले तर?"

पुस्तकातच लिहिलंय की ऑर्क आणि नोल यांनी त्याला अधूनमधून फितवलेलं आहे. काकांनी दोन फासे टेबलावर टाकले. जुन्या नियमांत समोरचा कसा वागेल हे त्यावर ठरतं: २ आले तर लगेच हल्ला, १२ आले तर मैत्री. आले ९, म्हणजे हल्ला नाही, बोलणी शक्य.

पार्टीकडे ऑर्ककडून लुटलेली ३०० नाणी होती. फायटरवाला ओरडला, "अरे, म्हणजे आपण त्याला आपला एक्सपी देतोय!" कारण नाणी गढीत पोचली तरच एक्सपी. बार्डवालीने तोड काढली: आधी गढीत नेऊन मोजून घेऊ, मग परत आणून देऊ. काकांनी हे चालेल म्हटलं, पण जायला-यायला वेळ लागेल, तोवर गॉब्लिन पहारा वाढवतील. पंचवीस मिनिटं नुसता वाद चालला. तलवार उपसली नाही, शीटकडे कोणी बघितलं नाही. शेवटी त्यांनी नाणी तिथेच दिली.

याच सेशन्समध्ये रोगवालीची चोर विषारी सुईने मेली आणि तिने शांतपणे दुसरं शीट उचललं. बार्डवाली मात्र तिचं दुसरं पात्र वाचवायला इतकी जपून खेळली की एकदा तासभर दाराबाहेरच थांबली. आणि फायटरवाला लढाई आली की फोन बघायचा.

तीन सेशन्सनंतर हक्क वापरण्याची वेळ. नियम पाचव्या आवृत्तीचे परत आले, पण काही अवयव बदलून. राक्षस मारण्याचा एक्सपी पूर्ण बंद, फक्त गढीत आणलेल्या खजिन्याचा मिळणार. उघडा वेळतक्ता राहिला. समोरच्याची वृत्ती आणि धीर ठरवणारे जुने फासे राहिले. विश्रांतीसाठी पाचव्या आवृत्तीच्याच डीएमच्या पुस्तकातला कडक पर्याय घेतला: छोटी विश्रांती आठ तासांची, मोठी सात दिवसांची.

बार्डवालीने मृत्यूचे फासे परत आणले. फायटरवाल्याने पट आणि तिसऱ्या लेव्हलपासून सुरुवात मागितली, कारण तिथे फायटरला बॅटल मास्टर ही खास शाखा घेऊन ढकलणं, पाडणं असे डाव मिळतात. विझार्डवाल्याने मागितलं की फासा टाकण्याआधी काकांनी अवघडपणाचा आकडा सांगायचा. रोगवाली म्हणाली, "आधी काय करतोय ते सांगायचं, मग लागलाच तर फासा." काकांना ती मागणी इतकी आवडली की बाकीच्या तिघांना शंका आली, यांनीच शिकवलं की काय.

काय झालं

टेबल चालू आहे. घळीतल्या निम्म्या गुहा झाल्या. बार्डवालीच्या नव्या पात्राची पूर्वकथा एका ओळीची आहे. बाकीची कथा ती खेळता खेळता जोडते, आणि ओग्र तिच्या कथेतलं कायमचं पात्र झालाय. अंधाराचा प्रश्न सुटलेला नाही, चौघांनाही अजून दिसतं, मशालींचा तक्ता कपाटात.

सात दिवसांच्या विश्रांतीचा त्रास विझार्डवाल्याला झाला, मंत्र फार लवकर संपतात. फायटरच्या डावांचे फासे छोट्या विश्रांतीत परत येतात, त्याचं चांगलं चाललं होतं. तरीही फायटरवाला चार महिन्यांनी बाहेर पडला. भांडण नाही. "आठवड्यातून एक संध्याकाळ मिळते आणि त्यातली निम्मी नाण्यांच्या हिशेबात जाते," असं तो म्हणाला. त्याने रविवारी स्वतःचं चौथ्या आवृत्तीचं टेबल सुरू केलं. बार्डवाली तिथेही जाते. तो जाणं मी अपयश मानत नाही, काका मानतात.

वेगळं काय करता आलं असतं

मरणाचा नियम पहिल्या दिवशी बोलायला हवा होता. इतर नियम चुकले तर पुढच्या शनिवारी दुरुस्त होतात, मेलेलं पात्र होत नाही. पहिल्या फाशाआधी एक संध्याकाळ फक्त बोलण्यासाठी ठेवायची पद्धत आता सर्रास आहे, इथे ती कोणाला आठवली नाही, कारण सगळे एकमेकांना ओळखत होते. ओळखीच्या टेबलावर तिची गरज जास्त, असं मला वाटतं. अनोळखी माणूस निदान विचारतो तरी.

"ओल्ड स्कूल" हा शब्द मी टेबलावर येऊच दिला नसता. जुनं असं एकच काही नव्हतं. गायगॅक्सने १९७५ मध्ये स्पर्धेसाठी चालवलेलं 'टूम ऑफ हॉरर्स' पात्रं मारण्यासाठीच रचलेलं होतं. आणि १९८४ पासून हा खेळ छापणाऱ्या कंपनीनेच 'ड्रॅगनलान्स'ची साहसं काढली, ज्यांत कथानक आधीच ठरलेलं आणि नायक मरून चालत नाही. बार्डवालीला हवं ते काकांच्या ऐन कॉलेजच्या दिवसांत दुकानात मिळत होतं. काकांनी विकत घेतलं नव्हतं, इतकंच.

आवृत्तीवरून खेळाडूची पारख करण्यालाही मर्यादा आहे. मी वर चौघांच्या सवयी आवृत्त्यांवरून मांडल्या, पण विझार्डवाला झोपेचा मंत्र टाकून उठला तो आनंद कुठल्याच आवृत्तीच्या खात्यात बसत नाही. आवृत्ती माणसाला ढकलते, बांधून ठेवत नाही. ढकलते कुठे, हे बघायचं तर एक्सपी कशाचा मिळतो, वेळ कोण मोजतं आणि हिट पॉइंट कधी परत येतात, हे तीन नियम बघावेत. बाकीची चारशे पानं नंतर वाचली तरी चालतात.

फायटरवाल्यासाठी अजून एक वाट होती, ती तेव्हा लक्षात आली नाही. २०२४ च्या सुधारित पुस्तकांत फायटरला पहिल्या लेव्हललाच शस्त्रांची खास कसबं मिळतात. ठरावीक शस्त्राने वार लागला की शत्रूला ढकलता येतं किंवा आडवं पाडता येतं. लढाई पटावर ठेवून ते नियम तेवढेच उचलता आले असते. गेल्या महिन्यात काकांनी ते पुस्तक घेतलं. फायटरवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "काका, येतो, पण हिशेब विझार्डने ठेवायचा आणि गढीत गेल्यावरच. खेळाच्या मध्ये नाही." विझार्डवाल्याने स्प्रेडशीट बनवलं आहे, त्यात ओग्रच्या ३०० नाण्यांची ओळ लाल रंगात आहे.